पत्रा उचलला, वर्ग निवला

पक्की शाळा म्हणजे सिमेंटच्या भिंती आणि वर लोखंडी पत्रा, हे समीकरण आफ्रिकेपासून आपल्या मराठवाड्यापर्यंत डोक्यात घट्ट बसलंय. माती म्हणजे गरिबी, ती पहिल्या पावसात वाहून जाणार, असंही सगळे धरूनच चालतात. पश्चिम आफ्रिकेच्या बुर्किना फासो देशातल्या गांदो या गावानं २००१ साली या दोन्ही समजांना शाळा बांधूनच उत्तर दिलं.

दिएबेदो फ्रान्सिस केरे हा त्याच गावच्या प्रमुखाचा मुलगा. गावात शाळा नव्हती म्हणून सातव्या वर्षी घर सोडून त्याला तेंकोदोगो शहरात जावं लागलं. पुढे सुतारकामाच्या शिष्यवृत्तीवर तो जर्मनीला पोचला आणि बर्लिनमध्ये वास्तुरचना शिकला. शिकत असतानाच त्यानं निधी जमवला आणि गावात तीन वर्गांची शाळा उभी केली. वास्तुरचनेतला सर्वोच्च मान समजलं जाणारं प्रिट्झकर पारितोषिक २०२२ साली त्यालाच मिळालं. हा मान मिळवणारा तो पहिला आफ्रिकी.

मला या शाळेत सगळ्यात आवडतं ते तिचं छप्पर.

उन्हाळ्यात तिथं पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात पत्रा सहज ६५ अंशांपर्यंत तापतो. गरम हवा वरच राहते, मग खिडक्या उघड्या ठेवल्या की झालं, असं वाटतं. पण पत्र्याची उष्णता खाली यायला हवेची गरजच नसते. तापलेली प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडते आणि ते थेट खाली बसलेल्या मुलांच्या डोक्यावर येतात. पंखा लावला तरी हे किरण थांबत नाहीत. शिवाय हे प्रारण, म्हणजे किरणांतून बाहेर पडणारी उष्णता, निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सिअस अंशांत २७३ मिळवून येणाऱ्या केल्विनच्या) चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. पत्रा ३३८ केल्विनवर (६५ अंश) आणि वर्गातली जमीन ३०६ केल्विनवर (३३ अंश) धरली, तर तापमानातला फरक जेमतेम दहा टक्क्यांचा. पण पत्र्याचं प्रारण जमिनीच्या जवळपास दीडपट. पत्रा जुना, गंजलेला असेल तर जमिनीकडून वर जाणारं प्रारण वजा करून दर चौरस मीटरला साधारण दोनशे वॅट खाली उतरतात. पन्नास चौरस मीटरच्या वर्गात हे म्हणजे मुलांच्या डोक्यावर एक हजार वॅटचे दहा हीटर लावण्यासारखं झालं.

केरेनं पत्रा टाकून दिला नाही, वर उचलला. वर्गावर आधी दाबून बनवलेल्या मातीच्या विटांचं छत घातलं, त्यात हवा जायला फटी ठेवल्या आणि त्याच्या बऱ्याच वर, सळ्यांच्या कैच्यांवर (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांवर) पत्रा बसवला. आता पत्र्याचे किरण पडतात ते विटांवर. मध्ये नुसता पातळ पडदा आला तरी प्रारण निम्म्यावर येतं. इथं तर जड माती आहे, ती तापायलाच कित्येक तास घेते. मधल्या पोकळीत हवा तापते. दहा अंशांनी गरम झालेली हवा सुमारे तीन टक्के हलकी होते, वर सरकते आणि कडेनं निघून जाते. तिच्या जागी वर्गातली गरम हवा फटींतून वर ओढली जाते आणि खिडक्यांतून बाहेरची हवा आत येते. या सगळ्याला वीज लागत नाही.

भिंतीही मातीच्याच, पण मातीत थोडं सिमेंट कालवून यंत्रात दाबलेल्या विटांच्या. पत्रा भिंतींच्या बराच पुढे आलेला असल्यानं पाऊस त्यांच्यावर झोडपत नाही. क्रेन आणणं शक्य नव्हतं, म्हणून कैच्या साध्या सळ्या कापून, तिथंच वेल्डिंग करून बनवल्या. हे काम गावकऱ्यांनीच शिकून केलं.

आपल्याकडे निकाल सुधारावा म्हणून शाळेचं दार ईशान्येला हलवायला सांगणारे वास्तुतज्ज्ञ भेटतात. दिशेचा विचार जरूर करावा, पण ऊन आणि वारा बघून. पश्चिमेच्या उन्हात भाजणारी लांब भिंत कुठल्याही वास्तुयंत्रानं किंवा तोडग्यानं गार होत नाही. आणि डिजिटल फळ्यासाठी निधी आणणाऱ्यांनी एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता पत्र्याच्या वर्गात तासभर बसून पाहावं.

गांदोत सुरुवातीला १२० मुलं होती, पुढे ती सातशेच्या घरात गेली. २००८ मध्ये शाळा वाढवावी लागली. त्याआधीच, २००४ साली, केरेनं तिथं शिक्षकांसाठी घरं बांधली होती, कारण राहायला धड जागा नसेल तर अशा आडगावात शिक्षक टिकत नाहीत.