परदेशी ग्राहकांकडची थकबाकी आणि स्मॉल क्लेम्स कोर्ट

परदेशातल्या ग्राहकानं माल किंवा काम घेतलं आणि पैसे दिले नाहीत, रक्कमही अशी की मोठा दावा लावणं परवडत नाही, तेव्हा छोट्या दाव्यांच्या कोर्टातून ती वसूल करायची पद्धत. मराठीत लघुवाद न्यायालय म्हणता येईल, पण तो शब्द जुन्या स्मॉल कॉज कोर्टांना चिकटलेला आहे म्हणून इथे नाव तसंच ठेवलंय.

या कोर्टांचं मूळ नक्की कुठलं यावर एकमत नाही. अमेरिकी लेखनात साधारण १९१३ च्या आसपासचं क्लीव्हलँड आणि कॅन्सस यांची नावं येतात, आणि पहिलं कोण हे पहिलं कशाला म्हणायचं त्यावर ठरतं. इंग्लंडचे लोक त्याच्याही मागे जातात, लंडनमधे किरकोळ कर्जासाठी कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स सोळाव्या शतकापासून होती आणि १८४६ च्या कायद्यानं आलेल्या काउंटी कोर्टांनी त्यांची जागा घेतली. तिसरा धागा डेन्मार्क-नॉर्वेच्या १७९० च्या दशकातल्या समेट मंडळांचा, पण तिथे मुळात निवाडा नव्हता, तडजोड होती, त्यामुळे तो धागा जरा ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. कर्जवसुलीच्या दृष्टीनं इंग्लंडचा वारसा जास्त जवळचा.

कुठलंही मूळ धरा, ही कोर्टं गावातल्या देणेकऱ्यासाठी बांधलेली आहेत आणि देणेकरी सीमेपलीकडे गेला की सगळं अडतं. कॅलिफोर्नियात वाहन अपघात, राज्यातली स्थावर मालमत्ता असे थोडे अपवाद सोडले तर राज्याबाहेरच्या प्रतिवादीला स्मॉल क्लेम्सचं समन्स बजावताच येत नाही, मग परदेश तर लांबच. जपानमधे ६ लाख येनपर्यंतचा दावा शक्यतो एकाच दिवसात निकाली काढतात, पण प्रतिवादीचा पत्ताच नसेल आणि जाहीर समन्सशिवाय मार्ग नसेल तर प्रकरण नेहमीच्या दाव्याच्या पद्धतीकडे वळवलं जातं.

खास सीमेपारच्या दाव्यांसाठी बनवलेली पद्धत म्हणजे युरोपियन स्मॉल क्लेम्स प्रोसीजर. युरोपियन युनियनचा २००७ चा नियम, लागू १ जानेवारी २००९ पासून, डेन्मार्क त्यात नाही. मर्यादा आधी २,००० युरो होती, जुलै २०१७ पासून ५,००० झाली. सगळं कागदावर चालतं, वकील सक्तीचा नाही, दाव्याचा फॉर्म भरायचा, कोर्ट १४ दिवसांत तो प्रतिवादीकडे धाडतं आणि त्याला उत्तराला ३० दिवस मिळतात. निकाल दुसऱ्या सदस्य देशात वेगळी मंजुरी न घेता अंमलात येतो. मात्र वादी-प्रतिवादींपैकी निदान एक जण कोर्टाच्या देशाखेरीज दुसऱ्या सदस्य देशात राहणारा हवा, त्यामुळे युरोपाबाहेरच्या व्यापाऱ्यानं जर्मन ग्राहकावर जर्मनीतच दावा लावला तर ही सोय मिळत नाही, हे पुष्कळांना फॉर्म भरून झाल्यावर कळतं. आणि ग्राहक धंद्यासाठी नाही तर घरच्या वापरासाठी घेणारा असेल, आणि व्यापारी त्याच्या देशातल्या ग्राहकांना धरूनच विकत असेल, तर युरोपीय नियमांप्रमाणे त्याच्यावर सहसा त्याच्याच देशात दावा लावावा लागतो.

परदेशात समन्स बजावायचा आधार म्हणजे त्याबद्दलचा देशादेशांतला १९६५ चा हेग करार. टपालानं समन्स चालतं का यावर अमेरिकेत बरीच वर्षं कोर्टांची मतं वेगवेगळी होती, २०१७ मधे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की समोरच्या देशानं हरकत नोंदवली नसेल आणि दावा जिथे चालतो तिथला कायदा परवानगी देत असेल तर चालतं. भारत, चीन, जर्मनी यांची हरकत आहे, तिथे सरकारी मध्यवर्ती यंत्रणेमार्फतच जावं लागतं.

निकालाची अंमलबजावणी हा सगळ्यात अवघड भाग. एका देशाचा निकाल दुसऱ्या देशानं मानायचा असा २०१९ चा हेग निवाडा करार १ सप्टेंबर २०२३ पासून युरोपियन युनियन (डेन्मार्क सोडून) आणि युक्रेनमधे सुरू झाला, युनायटेड किंगडममधे १ जुलै २०२५ पासून. कराराबाहेरच्या देशात त्या-त्या देशाचा कायदा पाहावा लागतो, आणि समन्स नीट पोचलं नव्हतं असं दिसलं तर एकतर्फी हुकूमनामा तिथे टिकत नाही. शेवटी जप्ती मालमत्ता जिथे आहे तिथेच होते, म्हणून पुष्कळ वकील सरळ ग्राहकाच्या देशातल्या छोट्या कोर्टातच दावा लावायला सांगतात.