दाताला कीड लागणं आणि आंबटाने दात झिजणं: कळ सारखीच, पण भानगड वेगळी

गार पाणी प्यायल्यावर दातातून कळ जाते असं सांगितलं की घरात कोणीतरी लगेच म्हणतं, कीड लागली असणार, गोड बंद कर. मग बिचारा माणूस चहातली साखर सोडतो आणि सकाळचं लिंबूपाणी मात्र रोज घेत राहतो, कारण ते तर तब्येतीला चांगलं ना. पण कित्येकदा दुखण्याचं मूळ त्या लिंबूपाण्यातच असतं, आणि हे लोकांना कोणी नीट सांगतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

गोंधळ होतो कारण दोन्हीकडे नुकसान करतं ते ॲसिडच. फक्त येतं वेगवेगळ्या ठिकाणाहून. किडीत दातांवरच्या चिकट थरातले बॅक्टेरिया साखर, बिस्किटं, मैदा यांच्यावर जगतात आणि तिथल्या तिथे ॲसिड तयार करतात, त्यामुळे हा थर जिथे साचतो तिथेच खड्डा पडतो, म्हणजे दाढेच्या खाचांत, दोन दातांच्या फटीत, हिरडीच्या कडेला. झिजेत बॅक्टेरियाचा हात नसतो, लिंबू, चिंच, कैरी, कोकम, कोल्ड्रिंक यांचं ॲसिड सरळ दातावर येतं आणि पृष्ठभागच विरघळवतं. म्हणून दोनदा ब्रश करणाऱ्या, एकही कीड नसलेल्या माणसाचे दातसुद्धा झिजू शकतात. आणि शुगर-फ्री कोल्ड्रिंकने कीड टळेल एकवेळ, झीज टळत नाही.

आता आत काय होतं ते बघा. वरचं इनॅमल वजनाने साधारण 96 टक्के खनिज असतं आणि पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, तो जितका कमी तितकं ॲसिड तीव्र) 5.5 च्या आसपास खाली गेला की विरघळायला लागतं. त्याच्या आतलं डेंटिन मऊ, त्यात खनिज 70 टक्क्यांच्या आसपास, आणि ते 6 च्या थोडं वरच विरघळायला लागतं, म्हणजे इनॅमल ज्याला दाद देत नाही एवढं सौम्य ॲसिडही त्याला पुरतं. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 2.5, कोलाचा 2.5 च्या जवळपास, मग विचार करा. शिवाय डेंटिनमध्ये अतिशय बारीक नळ्या असतात, त्यांत द्रव असतो, आणि इनॅमल झिजून किंवा हिरडी खाली सरकून त्या उघड्या पडल्या की गार पाण्याने, आंबटाने, नुसत्या वाऱ्याने पण तो द्रव हलतो आणि नसेला कळ जाते. भरपूर कैऱ्या-चिंचा खाल्ल्यावर दात आंबतात ते बहुतेकवेळा आपोआप जातं, पण रोज उठून तेच केलं तर गेलेलं इनॅमल परत येत नाही.

दुखण्यातही फरक आहे. झिजेची कळ झटकन येते, तीक्ष्ण असते, गार काढून घेतलं की जाते, आणि बरेचदा एकाच वेळी चार-पाच दातांना जाणवते. दात गुळगुळीत, पिवळसर दिसतात, दाढांच्या टोकांवर वाटीसारखे खळगे पडतात. किडीत बहुतेकवेळा एकच दात बोट ठेवून दाखवता येतो, तिथे अन्न अडकतं, गोडानेही ठणकतं, आणि खोल गेली असेल तर दुखणं बराच वेळ रेंगाळतं, रात्री झोपेतून उठवतं. असं असेल तर सेन्सिटिव्ह टूथपेस्ट लावत महिने घालवू नका, फिलिंगवर भागणारं काम रूट कॅनालवर जातं. झिजेत मात्र पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट खरंच उपयोगी पडते, फक्त दोन-चार आठवडे नेमाने वापरावी लागते, आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नये.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, आंबट खाल्ल्या-खाल्ल्या ब्रश करू नका. किडीच्या भीतीने लोक नेमकं हेच करतात, पण तेव्हा पृष्ठभाग मऊ पडलेला असतो आणि ब्रशने तोच खरवडला जातो, खरखरीत दंतमंजन किंवा मिसरी असेल तर आणखीनच. साध्या पाण्याने चूळ भरा, अर्धा-पाऊण तास लाळेला तिचं काम करू द्या. लिंबूपाणी, कोकम सरबत घ्यायचंच तर जेवणासोबत घेऊन संपवा, बाटली जवळ ठेवून दिवसभर घोट घोट पिणं सगळ्यात वाईट. दही आंबट असलं तरी त्याला घाबरायचं कारण नाही, त्यातल्या कॅल्शियम-फॉस्फेटमुळे दात सहसा विरघळत नाहीत.

आंबट फारसं खात नाही तरी वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू झिजलेली असेल, तर ते ॲसिड पोटातून वर येत असण्याची शक्यता असते. छातीत जळजळ, तोंडात आंबट पाणी येणं असं काही होत असेल तर ते डेंटिस्टला आवर्जून सांगा आणि फिजिशियनलाही दाखवा, कारण पित्तावर उपचार न करता नुसते दात भरून घेतले तर झीज चालूच राहते.