पास झालेला नक्शा आणि वर्किंग प्लॅन: घराबद्दल मत मागताना दाखवायचा कुठला?

इंदूरात आपल्या लोकांमधे घर बांधायचं निघालं की नगर निगमातून नक्शा पास होतो आणि त्याच संध्याकाळी त्याची पीडीएफ फॅमिली ग्रुपवर पडते, "बघा बरं कसा वाटतोय". मग पुण्याचे काका, उज्जैनची आत्या, देवासचे मामा सगळे बोलतात, पण देवघर ईशान्येला आहे का आणि किचन आग्नेयेला का नाही, यापलीकडे गाडी काही जात नाही. त्यांचा दोष नाहीये हो, तो कागद घरच्यांनी मत द्यावं म्हणून काढलेलाच नसतो.

पास नक्शा निगमाच्या प्रश्नांची उत्तरं देतो. प्लॉट केवढा, एमओएस (प्लॉटच्या कडेने मोकळी सोडायची जागा) किती सोडला, एफएआर (प्लॉटच्या मानाने एकूण किती बांधकाम) किती वापरला, उंची किती, गाडी कुठे उभी राहणार, असलं सगळं, आणि ते मध्य प्रदेश भूमी विकास नियम २०१२ प्रमाणे बसतंय का एवढं बघून भवन अनुज्ञा, म्हणजे बांधायची परवानगी, मिळते. खोल्यांचीही तपासणी होते, पण किमान मापाची. नॅशनल बिल्डिंग कोडमधे राहत्या खोलीची रुंदी कमीतकमी २.४ मीटर आणि संडास-बाथरूम एकत्र असेल तर कमीतकमी २.८ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३० स्क्वेअर फूट. तेवढ्यात नक्शा पास होतो, पण आजीला स्टुलावर बसवून आंघोळ घालायची असेल तर ते पुरेल का, हे निगम कशाला विचारेल.

वर्किंग प्लॅन असतो ठेकेदार, मिस्त्री, प्लंबर आणि लाइटवाल्यासाठी. भिंत ९ इंची का साडेचार इंची, कॉलम कुठे आणि केवढे, दार कुठल्या बाजूला उघडतं, खिडकी जमिनीपासून किती वर, स्विचबोर्ड कुठे, पाइप कुठून खाली येतात, आणि चांगला आर्किटेक्ट असेल तर त्यात पलंग-कपाटंही काढलेली असतात. मत मागायचा कागद हा.

एक खोली घेऊन बघू. पास नक्श्यात लिहिलंय बेडरूम ३.०५ बाय ३.३५, आपण फुटात करतो आणि खूश होतो, १० बाय ११. आता पहिला प्रश्न, हे माप आतलं क्लिअर आहे का भिंतीच्या मधल्या रेषेपासूनचं? मधल्या रेषेपासूनचं असेल आणि एकीकडे ९ इंची, दुसरीकडे साडेचार इंची भिंत असेल तर दोन्हींची अर्धी अर्धी जाडी मिळून पावणेसात इंच गेले, प्लास्टरचा एखादा इंच धरा, १० फुटाचे राहिले ९ फूट ४ इंच. त्या बाजूला डोकं करून पलंग लावला तर हेडबोर्डसकट पावणेसात फूट, समोर कपाट २ फूट खोल, मधे उरले ७ इंच. कपाटाचं दार उघडणार कसं आणि माणूस जाणार कुठून? पास नक्श्यात हे दिसत नाही, वर्किंग प्लॅनवर पलंग काढला की सुनबाई पाच मिनिटात सांगते.

जिन्याचंही तसंच. पास नक्श्यात नुसत्या रेघा मारलेल्या असतात. मजल्याची उंची साडेदहा फूट धरली आणि पायरी ७ इंच उंच तर १८ चढ लागतात, मधे वळणारा जिना असेल तर ९ आणि ९, म्हणजे एका बाजूला ८ पायऱ्या (नववा चढ लँडिंगवरच नेतो), १० इंची पायरीने ६ फूट ८ इंच, वर लँडिंगचे ३ फूट, झाले की पावणेदहा फूट. एवढी लांबी कागदावर नसेल तर मिस्त्री साइटवर पायरी उंच करून टाकतो आणि मग गुडघे आयुष्यभर बोलतात.

आपल्याकडचे २० बाय ५० चे प्लॉट, दोन्ही बाजूला शेजाऱ्याची भिंत, त्यामुळे मधल्या खोल्यांचा उजेड ओटीएसमधून, म्हणजे वरून उघड्या ठेवलेल्या चौकातून. पास नक्श्यात तो एक रिकामा चौकोन, छान दिसतो. वर्किंगमधे कळतं की त्याच चौकोनात किचनचा एक्झॉस्ट, बाथरूमची झडप, एसीचं बाहेरचं युनिट आणि ड्रेनेजचे पाइप, आणि बेडरूमची खिडकीही त्यातच उघडते. त्यात उतरायला दार आहे का हे जरूर विचारा, नाहीतर झाडायला कोण कुठून जाणार. हौदही तसाच, नर्मदेचं पाणी बऱ्याच कॉलन्यांत एक दिवसाआड येतं म्हणून पोर्चखाली हौद सगळेच करतात, पण झाकण बरोबर गाडीच्या खाली येतंय का हे कोणी बघत नाही.

दोन्ही कागद वेगळे असले तरी बाहेरची रेघ एकच पाहिजे. आतलं दार सरकवलं, कपाटाची जागा बदलली तर फारसं बिघडत नाही, पण एमओएसमधे खोली पुढे काढली किंवा एक मजला वाढवला तर निगमाची नोटीस येऊ शकते, शिवाय लोन असेल तर बँकेचा माणूसही पास नक्शा हातात घेऊनच बघायला येतो. म्हणून काकांनी "ओटला अजून ३ फूट पुढे घ्या" म्हटलं की ते आर्किटेक्टला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

आणि मत मागायची वेळ कॉलमची जागा पक्की होण्याआधीची. खरं तर अर्ज टाकायच्या आधीच वर्किंगचा कच्चा प्लॅन फर्निचरसकट काढून मागा, थोडे जास्त पैसे घेतात काही जण, द्या. ग्रुपवर टाकण्यापेक्षा मोठा प्रिंट काढून ज्याचं जे काम त्याला ते विचारा, आईला किचन आणि कपडे वाळत घालायची जागा, बाबांना रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट, वास्तूवाल्यांनाही याच वेळी दाखवून टाका. बदल झाले की प्रत्येक प्रिंटवर तारीख टाका आणि साइटवरचे जुने प्रिंट उचलून आणा, कारण मिस्त्री हाताला लागेल तो कागद उघडून काम सुरू करतो.