दुसरी बॅटरी नुसती जोडून भागत नाही

‘गाडीत दुसरी बॅटरी पहिलीला थेट जोडा, रात्रभर फ्रिज चालवा, सकाळी गाडी सुरू होणारच’ हा निरोप बरीच वर्षं फिरतोय. तसं होत नाही. थेट जोडलेल्या दोन बॅटऱ्यांची एकच मोठी बॅटरी होते. तारकर्लीला मुक्काम केलात तर फ्रिज दोन्ही उतरवतो. मध्ये आयसोलेटर हवा, म्हणजे इंजिन चालू असताना दोन्ही जोडणारा आणि बंद केल्यावर वेगळ्या करणारा.

खात्री घरीच होते. इंजिन बंद ठेवून तासभर फ्रिज चालवा, मग मल्टिमीटर लावा. पहिली १२.६ व्होल्टच्या आसपास टिकली आणि दुसरीच उतरली, तर जोडणी बरोबर. दोन्ही बरोबरीने उतरल्या, तर आयसोलेटर नाही किंवा चिकटलाय.

आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात टर्मिनलवर हिरवट थर चढतो, तोही पुसा. आणि प्लसच्या वायरीला दोन्ही बॅटऱ्यांजवळ फ्यूज हवाच!