साइज आणि साइज ऑन डिस्क: जागा नेमकी कोण खातंय?

बेळगावच्या खडे बाजारात माझ्या मावसभावाचं डीटीपीचं दुकान आहे. ऐन लग्नसराईत त्याचा फोन आला, "दादा, तोरणं-गणपतींचं फोल्डर 40 एमबीचं. पेनड्राइव्हवर टाकलं की अडीच जीबी खातंय. व्हायरस हाय काय, बघ की."

व्हायरस नव्हता. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की दोन ओळी दिसतात, साइज आणि साइज ऑन डिस्क. साइज म्हणजे फायलीत माल किती. साइज ऑन डिस्क म्हणजे त्या मालाने अडवलेली जागा. पावशेर कुंदा अर्ध्या किलोच्या डब्यात भरला, तर फडताळावर जागा डब्याएवढीच जाणार ना? डिस्कवरच्या डब्याला क्लस्टर म्हणतात आणि एका डब्यात दोन फायली बसत नाहीत. डबा केवढा, हे डिस्क कुठल्या पद्धतीने फॉरमॅट केली त्यावर ठरतं. विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर डबा सहसा 4 केबीचा असतो. भावाचा पेनड्राइव्ह 64 जीबीचा, एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट केलेला. तिथे विंडोज आपणहून 128 केबीचा डबा धरतं. त्याच्याकडे 2 केबीची एकेक अशी 20,000 चित्रं. माल 40 एमबी, कॉम्प्युटरवर जागा 80 एमबी, पेनड्राइव्हवर जवळपास अडीच जीबी. झिप करून टाकलं की एकच फाइल, भानगड मिटली. फक्त पेनड्राइव्ह ज्याच्याकडे जाईल त्या प्रेसवाल्याने झिपमधल्या फायली पेनड्राइव्हवरच बाहेर काढू नयेत, नाहीतर पुन्हा अडीच जीबी.

उलटंही होतं. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्या, फक्त ऑनलाइन ठेवलेल्या फायलींची साइज 10 जीबी दिसेल, पण साइज ऑन डिस्क जवळजवळ शून्य. जागा करायची म्हणून त्या उडवल्यात तर कॉम्प्युटरवर काहीच मोकळं होणार नाही, वर क्लाउडवरूनही जातील. ही चूक महागात पडते.

मेलवर पाठवताना साइज बघा. डिस्क का भरली हे शोधताना साइज ऑन डिस्क. अपवाद विनएसएक्सएस या विंडोजच्या स्वतःच्या फायलींच्या फोल्डरचा. तिथल्या बऱ्याच फायली हार्ड लिंक असतात, म्हणजे फाइल एक आणि नोंदी दोन ठिकाणी. आमच्या गावाला बेळगाव आणि बेळगावी अशा दोन पाट्या. पाट्या मोजणाऱ्याला गावंही दोनच दिसणार. म्हणून विनएसएक्सएसचा आकडा फुगलेला दिसतो. त्याला हात लावू नका.

एकेक फोल्डर उघडून बघत बसण्यापेक्षा मी विझट्री वापरतो, डिस्कवर कोण किती जागा खातंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर. त्यात साइज आणि अलोकेटेड असे दोन वेगळे रकाने येतात. अलोकेटेड म्हणजे अडवलेली जागा, त्यावर क्लिक करून मोठं वर आणायचं. भावाच्या कॉम्प्युटरवर सगळ्यात वर काय आलं? 'बॅकअप ऑफ' नावाने सुरू होणाऱ्या, कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरने आपणहून ठेवलेल्या फायली. छापून, वाटून, लग्नं लागून गेलेल्या पत्रिकांच्या.