धूळमापक कॉलरवर कसा आला

ताडदेवला १८५६ मध्ये मुंबईची पहिली सूतगिरणी सुरू झाली, तेव्हापासून ब्लो रूम (कापूस मोकळा करून झाडण्याचे खाते) आणि कार्डिंग (तंतू विंचरण्याचे) खात्यात कापसाची धूळ होतीच. मोजणारी साधने उशिरा आली, तीही खोली मोजणारी. १९२० च्या दशकातला इम्पिंजर धूळ पाण्यात पकडायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजत बसायचे. कापसासाठी पुढे आलेला व्हर्टिकल इल्युट्रिएटर, म्हणजे जाड कण खाली सोडून बारीक धूळ पकडणारी उभी नळी, मिनिटाला ७.४ लिटर हवा ओढतो, पण खात्यात एका जागी उभा राहून.

१९६० मध्ये ब्रिटनमध्ये शेरवूड आणि ग्रीनहाल्ग यांनी बॅटरीवरचा पंप आणि फिल्टर माणसाच्या अंगावरच चढवला. अंगावरचा आकडा खोलीतल्या आकड्यापेक्षा बराच जास्त भरला. भरणारच, धूळ हाताशी उडते आणि नाक तिच्याच वर असते. म्हणून आज फिल्टर नाकातोंडापासून ३० सेंटिमीटरच्या आत, कॉलरवर लावतात. फुप्फुसात खोलवर जाणारी, म्हणजे श्वसनीय धूळ कोणती, हे १९५९ च्या जोहान्सबर्ग परिषदेत ठरले होते. ती वेगळी काढायला फिल्टरआधी सायक्लोन बसवतात; तो हवा गरगर फिरवून जाड कण तळाच्या डबीत पाडतो.

आपल्याकडे भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात मर्यादा आल्या: वेल्डिंगचा धूर घनमीटरला ५ मिलिग्रॅम, शिसे ०.१५. तोवर १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडू लागल्या होत्या. आता मुंबईत धूळ शोधायची तर दगड कापणाऱ्यांकडे आणि टॉवरच्या साइटवर जावे लागते.

तिथे प्रश्न सिलिकाचा, म्हणजे दगड-वाळूतल्या क्वार्ट्झचा. १९८७ च्या त्याच यादीत श्वसनीय धुळीची मर्यादा घनमीटरला मिलिग्रॅममध्ये दिली ती अशी: १० भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २). क्वार्ट्झ २० टक्के असेल तर ०.४५ मिलिग्रॅम. हिगिन्स-ड्यूएल प्रकारचा सायक्लोन मिनिटाला २.२ लिटरवर आठ तास चालवला की १.०५६ घनमीटर हवा जाते. म्हणजे फिल्टरवर जेमतेम अर्धा मिलिग्रॅम चढला तरी मर्यादा ओलांडली.

एवढ्याशा वजनाला पावसाळ्यातली दमट हवाही पुरते. सेल्युलोज एस्टरचा फिल्टर ओल धरतो, म्हणून वजनासाठी पीव्हीसीचा घ्यावा, वजनाआधी आणि नंतर तो रात्रभर तराजूच्या खोलीत ठेवावा, सोबत कोरे फिल्टरही तोलावेत. पंपाचा प्रवाह सुरुवातीला आणि शेवटी तपासायचा. ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर नमुना बाद. सायक्लोन उलटा झाला तर तळाच्या डबीतली जाडी धूळ फिल्टरवर सांडते. जेवणाच्या सुट्टीत पट्टा काढून ठेवताना हे हमखास होते. वेल्डरचा फिल्टर मात्र मुखवट्याच्या आत हवा, नाहीतर त्याने श्वासात न घेतलेल्या धुराचा हिशेब त्याच्या नावावर चढतो.