नर कोंबड्यांतील वैर आणि परसातील कळपाची निगा

घराच्या परसात पाळलेल्या आठ-दहा ते वीस-पंचवीस कोंबड्यांच्या कळपात एकाहून अधिक नर वयात आले, की वरचढपणासाठी त्यांच्यात झटापटी सुरू होतात. या झटापटींचे स्वरूप आणि त्यांत पक्षी जायबंदी होऊ नयेत म्हणून पाळणाऱ्याने करावयाची व्यवस्था, हा या नोंदीचा विषय आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वाड्यावस्त्यांवर परसातील कोंबड्या बहुधा घरातील बाई सांभाळते. अंड्यांचे व पक्ष्यांचे पैसे तिच्या हाती राहतात. त्यामुळे एखादा चांगला कोंबडा झुंजीत डोळा गमावून बसला किंवा दगावला, तर ते नुकसान थेट तिच्या पदराला बसते. गावरान पक्ष्यांबरोबर गिरिराज, वनराज आणि कडकनाथ पाळणारी घरेही या भागात आहेत, आणि पुढील विवेचन या सर्वांना सारखेच लागू पडते. असील ही मात्र मुळात झुंजीसाठीच निवडून वाढवलेली जात असल्यामुळे तिचे दोन वयस्क नर कोणत्याही परिस्थितीत एका आवारात मोकळे सोडू नयेत.

पाळीव कोंबडीची उत्पत्ती मुख्यतः तांबड्या रानकोंबडीपासून झाली. कोयना आणि चांदोलीच्या जंगलांत आढळणारी करडी रानकोंबडी ही तिच्याहून वेगळी जाती होय. परंतु पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा आनुवंशिक गुण या करड्या रानकोंबडीकडूनच आल्याचे २००८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. जंगलात प्रबळ नर माद्यांसह आपला टापू धरून राहतो आणि दुबळे नर त्या टापूच्या कडेकडेने फिरतात. परसाला अशी कड नसते, आणि पाळीव नरांच्या वैराचा बहुतेक अनर्थ या एका गोष्टीतून घडतो.

कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला चोच मारावी याचा ठरलेला क्रम असतो, हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलीफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२१ च्या सुमारास प्रथम पद्धतशीरपणे मांडले. नरांचा क्रम वेगळा आणि माद्यांचा वेगळा असतो. तो एकदा बसला की रोजचे वाद धमकीवर भागतात. म्हणजे क्रम ठरवणारी झुंज ही एका अर्थी पुढच्या अनेक झुंजी टाळणारी असते. एकत्र ठेवलेल्या नरांत पहाटे सर्वांत वरचा नर आधी आरवतो आणि बाकीचे उतरत्या क्रमाने त्याच्यामागून आरवतात, असे जपानमधील शास्त्रज्ञांना २०१५ मध्ये आढळले. पाळणाऱ्याला याचा चांगला उपयोग आहे, कारण खुराडे उघडण्याआधीच, अंथरुणात पडल्या पडल्या, आज कोण वरचढ आहे हे त्याला आवाजावरून ओळखता येते.

झुंजीची सुरुवात बहुधा गाजावाजा न होता होते. वरचढ नर एक पंख खाली सोडून, त्याच्या टोकाने माती घासत प्रतिस्पर्ध्याभोवती तिरका तिरका फिरतो. समोरचा बाजूला सरकला किंवा मान वळवून दूर गेला, तर प्रकरण तेथेच मिटते. तो हटला नाही, तर दोघे मानेची पिसे फुलवून चोचीसमोर चोच आणून उभे राहतात, एकाच लयीत डोकी वरखाली करतात आणि मग उडी घेऊन दोन्ही पाय पुढे फेकतात. चोचीने तुरा किंवा मानेची कातडी पकडायची आणि पायामागच्या काट्याने छातीवर व डोक्यावर वार करायचा, अशी ही लढत असते. पाच-सहा महिन्यांच्या कोंबड्याचा काटा म्हणजे जेमतेम एक गाठ असते; दोन-तीन वर्षांच्या नराचा काटा लांब, वाकडा आणि टोकदार झालेला असतो. म्हणून तरण्या भावाभावांची झटापट पाहत राहिले तरी चालते, परंतु दोन जुन्या नरांची झुंज पाहत बसणे धोक्याचे असते.

दोघांपैकी एकाने पाठ फिरवली म्हणजे झुंज संपली, असा पक्ष्यांचा आपसांतील संकेत आहे. परंतु तो पाळला जाण्यासाठी हरलेल्याला पळायला जागा लागते. माण, खटाव, जत, आटपाडी या कोरड्या तालुक्यांत पक्षी सकाळी सोडले की दिवसभर रानात, उकिरड्यावर आणि बांधाच्या कडेने चरतात, आणि हरलेला नर एखाद्या झुडपाआड दिवस काढतो. पाटण, जावळी किंवा शिराळ्याच्या पश्चिम भागात पावसाची झड लागली, की तेच पक्षी सलग काही दिवस खुराड्यात कोंडले जातात. अशा वेळी पराभूत नर कोपऱ्यात डोके खुपसून बसतो, वरचढ नराला तो अजून हटलेला दिसत नाही, आणि चोची मारणे थांबत नाही. रक्त दिसले की माद्याही त्या जखमेवर चोची मारू लागतात.

याहून वाईट प्रकार दोरीमुळे होतो. बाजारातून आणलेला कोंबडा घर ओळखेपर्यंत पायाला सुतळी बांधून खुंटीला ठेवण्याची पद्धत आहे. पक्षी निघून जाऊ नये हा हेतू रास्त आहे, परंतु घरचा नर मोकळा असताना नवा नर बांधून ठेवणे म्हणजे त्याला मरणाच्या तोंडी देणे होय. त्याला बुरुडाकडच्या उंच डालग्याखाली ठेवावे आणि डालग्यावर दगड ठेवावा. पट्ट्यांच्या फटींतून दोघे एकमेकांना पाहतात, चोची आपटतात, परंतु काटा लागत नाही. त्याआधी दोन-तीन आठवडे तो कळपापासून पुरता दूर ठेवणे आवश्यक आहे, कारण बाजारातल्या पक्ष्याबरोबर मानमोडीसारखा रोग घरात येऊ शकतो. डालग्यातला आठवडा उलटल्यावर त्याला दुपारी उशिरा, मोकळ्या जागेत, माणूस जवळ असताना सोडावे.

कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोके आणि तुऱ्यावरून ओळखतात. एखादा नर दोन-तीन आठवडे कळपाबाहेर राहिला, तर परतल्यावर त्याला परका समजले जाते आणि क्रम नव्याने लढून ठरवला जातो. तुरा फाटून किंवा सुजून चेहरा बदललेल्या पक्ष्याच्या बाबतीतही असे घडू शकते. म्हणून भांडणाऱ्या नराला महिनाभर पाहुण्यांकडे धाडून ‘शांत’ करून आणण्याचा उपाय उलटा पडतो. वेगळे ठेवायचेच झाल्यास त्याच आवारात, जाळीपलीकडे, एकमेकांच्या नजरेसमोर ठेवावे. एकाच खुडूक कोंबडीखाली वाढलेले भाऊ, किंवा जुना नर आणि त्याच्या देखत वाढलेला तरणा, यांचे तुलनेने बरे जमते. तरीही जुना नर थकला की तरणा उचल खातो, याकडे लक्ष असावे.

संख्येचा हिशेब साधा आहे. दहा माद्यांमागे एक नर पुरतो. अंडी केवळ खाण्यासाठी किंवा विक्रीसाठी असतील तर नर मुळीच लागत नाही, कारण माद्या नराशिवायही अंडी घालतात. खुडूक कोंबडीखाली अंडी बसवायची असतील तेव्हाच ती फलित असावी लागतात, आणि नराशी संग झाल्यावर मादी पुढे आठवडाभराहून अधिक काळ फलित अंडी देऊ शकते. चार घरांच्या कोंबड्या एकाच रानात चरत असतील, तर प्रत्येक घराने स्वतंत्र नर ठेवण्याची गरज उरत नाही. नर अधिक झाल्यास त्याची झळ आधी माद्यांना लागते. त्यांच्या पाठीवरची पिसे झडून कातडी उघडी पडते.

दोन नर ठेवणे भागच असेल, तर दाणे आणि पाणी एकमेकांना न दिसणाऱ्या दोन जागी ठेवावे. अंगणात कडब्याची पेंढी, उभी फळी किंवा पालथी पाटी अशी आडोशाची जागा करावी. खुराड्यात बसण्याच्या काठ्या सर्व पक्ष्यांना पुरतील इतक्या असाव्यात, म्हणजे रात्री बसण्यावरून भांडण होत नाही. सगळे नर माद्यांपासून लांब, एका स्वतंत्र कोंडवाड्यात ठेवण्याची रीतही उपयोगी आहे. माद्या नजरेआड असल्या की पुष्कळदा तेच नर शांत राहतात. काट्याचे टोक कानशीने घासून बोथट करावे, मुळापासून कापू नये, कारण आत रक्तवाहिनी व हाड असते.

झुंज लांबली, रक्त आले किंवा पळणाऱ्याचा पाठलाग थांबेना, तर नरांना वेगळे करावे. मध्ये हात घालू नये, दोघांमध्ये पाटी किंवा फळी सरकवावी. तुऱ्याची जखम भळभळून वाहते, पण दाबून धरल्यास रक्त लवकर थांबते. जखम स्वच्छ धुऊन तिला हळद व खोबरेल लावावे, आणि माशा बसून अळ्या पडणार नाहीत हे पाहावे. कोंबड्यांच्या देवी रोगाचा विषाणू फुटलेल्या कातडीतून शिरतो, म्हणून त्याची लस वेळेवर टोचून घेणे झुंजार नर असलेल्या घराला अधिकच गरजेचे आहे. हरलेला नर जखमेपेक्षा उपासमारीने खंगतो, कारण त्याला दाण्याजवळ येऊ दिले जात नाही. त्याची चिमण, म्हणजे गळ्याखालची दाणे साठवण्याची पिशवी, हाताने चाचपून पाहिली की तो खातो की नाही हे कळते.

जनावरांना किंवा पक्ष्यांना मुद्दाम झुंजायला लावणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार गुन्हा आहे. जादा नर वेळीच काढणे हा खरा उपाय होय, आणि या भागात त्याला ऋतूची साथ मिळते. हिवाळ्यात उबवलेल्या पिल्लांतले नर ज्येष्ठ-आषाढात पाच-सहा महिन्यांचे होतात. म्हणजे त्यांची भांडणे पेटण्याची वेळ, पावसाने कोंडून घालण्याची वेळ आणि आखाडामुळे गावरान कोंबड्याला आठवडे बाजारात मागणी येण्याची वेळ एकच असते. श्रावण लागला की मागणी घटते, म्हणून जाणत्या बाया निवडलेला एक नर ठेवून बाकीचे त्याआधीच विकतात.

अडचण येते ती नवसाच्या कोंबड्याची. देवाच्या नावाने ठेवलेला नर जत्रेपर्यंत विकता येत नाही, आणि तोवर तो घरच्या नराचा तोडीस तोड वैरी होऊन बसतो. अशा नराला घराच्या दुसऱ्या अंगाला, माद्या दिसणार नाहीत अशा जागी स्वतंत्र डालगे द्यावे. रोज दुपारी घरचा नर डालून मग त्याला तासभर मोकळे सोडावे, आणि दिवस मावळण्याआधी परत डालावे.